उन्हाळा, रोहित्र आणि दोन ट्रान्झिस्टर



ध्वनिवर्धक ही वस्तू आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्याच्या पेटीत काय चालते ह्याची चौकशी ती पेटी बंद पडल्यावाचून सहसा कोणी करीत नाही. आमचेही तसेच झाले. एप्रिल महिन्यातली दुपार होती. शाळेच्या पत्र्याच्या ओसरीत वाचनस्पर्धा चालली होती. कपाटातली जुनी लहानशी पेटी, सहा सेलांवर म्हणजे ९ व्होल्टवर चालणारी, टेबलावर ठेवली होती. तीनचार मुलांचे वाचन ठीक झाले. मग आवाज जड होऊ लागला, घोगरा झाला, आणि शेवटी पेटी मुकी झाली. आवाज बंद पडूनही सेल मात्र तापतच होते. पेटी उघडून आतल्या एका ट्रान्झिस्टरला बोट लावले, तो चटका बसला.

आम्ही शिकवतो मराठी आणि इतिहास. शास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि ती पेटी दुरुस्त करण्यात आठवी-नववीच्या मुलांबरोबर आमचे जे शिक्षण झाले, ते येथे मांडावेसे वाटते. आदिलाबादेत राहणाराला त्याचा विशेष उपयोग आहे, कारण ह्या कथेत अर्धा दोष ट्रान्झिस्टरचा आणि अर्धा आपल्या उन्हाळ्याचा आहे.

त्या पेटीत चार ट्रान्झिस्टर होते. पहिला मायक्रोफोनकडून आलेला अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह वाढवितो. दुसरा तो आणखी वाढवून पुढे ढकलतो. शेवटचे दोन कर्ण्याला, म्हणजे लाउडस्पीकरला, प्रत्यक्ष शक्ती पुरवितात. दुसऱ्याच्या आणि शेवटच्या जोडीच्या मध्ये एक लहान ट्रान्सफॉर्मर, आणि जोडीच्या व कर्ण्याच्या मध्ये दुसरा. ट्रान्सफॉर्मरला आपल्या मराठीत रोहित्र असे सुरेख नाव आहे. विजेच्या खांबावरचे मोठे रोहित्र तुम्ही रोज पाहता. त्याचाच हा आगपेटीएवढा भाऊ: लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गाभा आणि त्यावर तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यातील प्रवाह कमीजास्त झाला की गाभ्यातील चुंबकत्व कमीजास्त होते आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. दोन्ही वेटोळ्यांत तारेचा सांधा नाही. म्हणून बदलणारा प्रवाह पलीकडे जातो, स्थिर प्रवाह अलीकडेच राहतो. आवाज म्हणजे बदलणारा प्रवाह. तेव्हा आवाज तेवढा पुढे जातो आणि सेलाची स्थिर वीज आपल्या जागी राहते.

कर्ण्याचा रोध फार थोडा असतो, आमच्या पेटीतल्याचा ४ ओहम. पूर्वी निर्वात नळ्यांचे, ज्यांस आपण व्हॉल्व्ह म्हणतो त्यांचे, प्रवर्धक असत. ई. एल. ८४ नावाचा प्रसिद्ध व्हॉल्व्ह घ्या. त्याच्यासमोर सुमारे ५२०० ओहमचे ओझे असले तर तो उत्तम काम करतो. त्याला ४ ओहमचा कर्णा सरळ जोडणे म्हणजे नांगराच्या बैलाला खेळण्यातली गाडी ओढायला लावण्यासारखे आहे. जोर आहे, पण तो लागू पडत नाही. रोहित्र ही अडचण दूर करते. त्याच्या वेटोळ्यांच्या फेऱ्यांचे जे प्रमाण असेल त्याच्या वर्गाने रोध वाढलेला भासतो. ५२०० ला ४ ने भागले तर १३०० येतात, आणि १३०० चे वर्गमूळ साधारण ३६. म्हणून कर्ण्याकडे एक फेरा असेल तर व्हॉल्व्हकडे ३६ फेरे हवेत. गणिताच्या तासाला वर्गमूळ कशाला शिकावयाचे असे विचारणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

१९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. शॉक्ली यांच्यासह त्या दोघांस १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही संस्था १९५४ साली स्थापन झाली, आणि पुढे साठीच्या दशकात तेथे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तयार होऊ लागले. ए. सी. १२८ हे त्यांतले एक नाव जुन्या रेडिओ-कारागिरांच्या तोंडी अजून आहे. आमच्या पेटीतील शेवटची जोडी ह्याच जातीची होती.

आता ती जोडी कशासाठी, हे पाहू. एकच ट्रान्झिस्टर वापरावयाचा तर त्याला सतत निम्मा उघडा ठेवावा लागतो, म्हणजे ध्वनिलहरीच्या चढावाला तो अधिक उघडेल आणि उताराला मिटेल. ह्यास 'अ' वर्गाची रचना म्हणतात. आवाज स्वच्छ येतो. परंतु कोणी बोलत नसले तरी प्रवाह वाहतच राहतो. गंमत अशी की, असा ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतो तो शांततेत! त्याच्या वाटेत नुसता रोध घातला तर सेलाच्या शक्तीपैकी फार झाले तर चौथाई भाग कामी येतो. रोधाच्या जागी रोहित्राचे वेटोळे घातले तर तारेचा रोध नगण्य असल्याने स्थिर प्रवाहाची नासाडी वाचते, आणि मर्यादा निम्म्यापर्यंत, ५० टक्क्यांपर्यंत चढते. दोन ट्रान्झिस्टर घेऊन एकाला लहरीचा चढाव आणि दुसऱ्याला उतार वाटून दिला तर ती ७८ टक्क्यांवर जाते. ह्यास 'ब' वर्ग म्हणतात. दोन माणसे करवतीने लाकूड कापतात, एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, तसे हे आहे. मुखातून शब्द निघत नाही तोवर दोघेही जवळजवळ विसावलेले असतात, म्हणून सेल पुष्कळ दिवस टिकतात.

ही वाटणी करतो कोण? पहिले रोहित्र. त्याच्या दुसऱ्या वेटोळ्याच्या मधोमध एक फाटा काढलेला असतो. त्या फाट्याच्या दृष्टीने एक टोक वर जाते तेव्हा दुसरे खाली जाते. एकाच आवाजाच्या दोन उलटसुलट प्रती अशा आयत्या मिळतात.

आमच्या पेटीचे गणित मुलांनीच फळ्यावर मांडले. दाब ९ व्होल्ट, हवी ती शक्ती अर्धा वॅट. पन्नासएक मुलांच्या खोलीला एवढी पुरते. दाबाचा वर्ग ८१; त्याला शक्तीच्या दुपटीने, म्हणजे एकाने, भागले. एका ट्रान्झिस्टरसमोर ८१ ओहमचे ओझे आले. पूर्ण वेटोळे निम्म्या वेटोळ्याच्या दुप्पट फेऱ्यांचे, म्हणून त्याचा रोध चौपट, ३२४ ओहम. कर्णा ४ ओहमचा. ३२४ भागिले ४ म्हणजे ८१, आणि त्याचे वर्गमूळ ९. दुसऱ्या रोहित्राचे फेरे नवास एक. प्रवाह अधिकात अधिक किती? ९ व्होल्ट भागिले ८१ ओहम, म्हणजे सुमारे १११ मिलिअँपिअर.

येथे एका मुलाने फार चांगला प्रश्न विचारला. सेल ९ व्होल्टचे, तर १० व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर का चालू नये? उत्तर रोहित्रातच आहे. एक ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो तेव्हा त्याच्या अर्ध्या वेटोळ्यावर ९ व्होल्ट पडतात. तितकेच दुसऱ्या अर्ध्यावरही उत्पन्न होतात, आणि ते सेलाच्या दाबात मिळतात. मिटलेल्या ट्रान्झिस्टरवर अशा रीतीने १८ व्होल्टचा ताण येतो. रोहित्राच्या जोडणीत ट्रान्झिस्टर निवडताना सेलाच्या दुप्पट दाब तर धरावाच, आणि वर थोडी शिल्लक ठेवावी. ए. सी. १२८ चा कलेक्टर बेसच्या मानाने ३२ व्होल्ट सोसतो. प्रवाहही १११ मिलिअँपिअरच्या कित्येक पट सोसतो. मग तो जळला कसा?

तो दाबाने जळला नाही, प्रवाहानेही नाही, उष्णतेने जळला. पुस्तकांत ट्रान्झिस्टरचे जे आकडे छापलेले असतात ते बहुधा २५ अंश तपमानाचे असतात. आदिलाबादेत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याखाली, बंद पेटीत, ५५ अंश सहज धरावेत. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून, तो पूर्ण मिटलेला असतानाही, थोडा प्रवाह झिरपत असतो, आणि तपमान दर १० अंशांनी वाढले की ही झिरप साधारण दुप्पट होते. २५ अंशांस १० मायक्रोअँपिअर असेल तर ३५ ला २०, ४५ ला ४०, ५५ ला ८०. आठपट! नुसत्या ८० मायक्रोअँपिअरने काही बिघडत नाही. बिघडते ते हा प्रवाह बेसवर कोणत्या वाटेने येतो त्यावरून. समजा बेसची वाट ४७०० ओहमच्या रोधातून आहे. ८० मायक्रोअँपिअरने त्या रोधावर ०.३७ व्होल्टचा दाब निर्माण होतो, आणि जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तर ०.१५ व्होल्टच्या सुमारासच उघडू लागतो. म्हणजे कोणी न सांगता तो आपोआप उघडतो. उघडला की प्रवाह, प्रवाहाने उष्णता, उष्णतेने आणखी झिरप, झिरपेने आणखी प्रवाह. हे चक्र एकदा सुरू झाले की ट्रान्झिस्टर जळेपर्यंत थांबत नाही.

रोहित्राचा जो गुण आमच्या मनात सर्वांत ठसला तो येथे आहे. त्याचे वेटोळे म्हणजे तांब्याची तार. तिचा रोध पाचपन्नास ओहम. बायस देणारा ८२ ओहमचा रोध त्यात मिळविला तरी १३२ ओहम. तोच ८० मायक्रोअँपिअरचा प्रवाह तेथून वाहिला तर दाब केवळ एक शतांश व्होल्ट होतो. पावसाचे पाणी गच्चीवर साचू न देता पन्हळीने वाहून जावे, तशी ही झिरप निमूट निघून जाते. रोहित्र जड असते, महाग असते, त्याच्या लोखंडामुळे अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर नीट उमटत नाहीत, हे सर्व खरे. पण तापट ट्रान्झिस्टरला ते आवर घालते, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेली असते.

मग रोहित्र असूनही आमची पेटी का जळली, असे तुम्ही म्हणाल. शोध घेता कारण सापडले. बायसच्या ८२ ओहमच्या रोधाला समांतर एक थर्मिस्टर असावयाचा. त्याचा रोध उष्णतेने कमी होतो आणि त्यामुळे बायसही कमी होतो. आमच्या पेटीत पूर्वी कधीतरी कोणा दुरुस्ती करणाराने तो काढून टाकला होता आणि ८२ च्या जागी मोठा रोध बसविला होता. बहुधा हिवाळ्यात आवाज फाटतो म्हणून. त्याचेही सर्वस्वी चुकले असे नाही. ट्रान्झिस्टर उघडण्यास लागणारा दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. जानेवारीतल्या पहाटे येथे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. १० पासून ५५ पर्यंत ४५ अंशांचे अंतर. म्हणजे ९० मिलिव्होल्टचा फरक, आणि तोही जेथे सारा हिशेबच १५० मिलिव्होल्टचा आहे तेथे! थंडीत बेताचा वाटणारा बायस वैशाखात प्राणघातक ठरतो. आम्ही समुद्रकाठचे. तिकडे रेडिओ बिघडे तो खाऱ्या हवेने रोहित्राची बारीक तार हिरवी पडून तुटली म्हणून. येथे तार शाबूत, आणि ट्रान्झिस्टर भाजलेला. उपकरणांनाही गावोगावचे पाणी वेगवेगळे लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

जर्मेनियमची नवी जोडी मिळेना. दुकानदाराने सिलिकॉनचे एस. के. १०० नावाचे दोन दिले. सिलिकॉनची झिरप जर्मेनियमच्या मानाने नगण्य असते. जर्मेनियम ७५ ते ९० अंशांपलीकडे टिकत नाही. सिलिकॉन १५० अंशांपर्यंत आणि त्याहूनही अधिक सोसतो. मुलांनी आनंदाने जुने काढून नवे बसविले. दोन्ही पी-एन-पी जातीचे असल्याने सेलांची दिशा बदलावी लागली नाही; एन-पी-एन घेतले असते तर सेल आणि कपॅसिटर सारेच उलटे करावे लागले असते. पेटी लावली. वर्गातला खड्या आवाजाचा मुलगा बोलला, आवाज दणदणीत आला. सर्वांनी टाळ्या पिटल्या.

मग सातवीतील एक मुलगी वाचू लागली. तिचा आवाज मुळातच हळू. कर्ण्यातून तिचा शब्द आला तो तुटलेला, खरखरीत, मधूनमधून गिळलेला. ती घाबरली, आवाज आणखी हळू झाला, आणि पेटीतून येणारे शब्द अधिकच तुटू लागले. दोन ओळी वाचून ती खाली बसली. वर्गात एकदोघे हसले. आपल्या वाचण्यातच खोट आहे, असे तिला वाटले असावे. मायक्रोफोन जवळ धर, मोठ्याने बोल, असे आम्हीही तिला सांगितले होते, ह्याची आम्हांस अजून खंत वाटते. कारण दोष तिचा नव्हता. आमच्या निवडीचा होता.

सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर उघडण्यास ०.६ व्होल्ट लागतात. पेटीतली बायसची जुळणी ०.१५ व्होल्टची, जर्मेनियमसाठी केलेली. एकाने ओढावे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी सैल सोडावे, हा करवतीचा मेळ त्यामुळे मोडला. एक थांबल्यावर दुसरा लगेच सुरू होईना. मध्ये दोघेही स्वस्थ. लहर शून्याजवळून जाते तेव्हाचा तुकडाच नाहीसा होई. मोठ्या आवाजाची लहर उंच असते. तिचा पायथ्याकडचा थोडा भाग गेला तर कानास फारसे कळत नाही. हळू आवाजाची लहर मात्र सगळीच पायथ्याशी असते. तिचे जवळजवळ सर्वस्व जाते. सांध्यावरची ही विकृती दणदणीत आवाजाला माफ करते आणि नेमकी हळू बोलणाराला गाठते. पेटी तपासताना सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुलाला पुढे करणे, ही आमची चूक झाली होती.

उपाय अगदी स्वस्तात झाला. ८२ ओहमचा रोध काढून त्या जागी वन-एन ४००७ हा साधा सिलिकॉन डायोड घातला. त्याच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ ०.६ व्होल्टच पडतात, आणि उष्णता वाढली की हाही आकडा ट्रान्झिस्टरच्याच बरोबरीने, दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने, उतरतो. मुलांनी तो ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीला अगदी टेकवून बसविला. एक तापला की दुसऱ्याला कळते. वरचा ४७०० ओहमचा रोध २२०० चा केला, म्हणजे मोठ्या आवाजाच्या वेळी बेसला प्रवाह कमी पडू नये. दोन्ही एमिटरांच्या सामाईक वाटेत दोनतीन ओहमचा लहान रोध आधीपासून होता, तो राहू दिला. पेटी शांत असताना जोडीतून काही थोडे मिलिअँपिअर वाहत आहेत एवढे मीटरवर पाहिले. ते अगदी शून्य असू नयेत. फार असूही नयेत.

जोडी निवडताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. दोघांची प्रवाह वाढविण्याची शक्ती शक्य तितकी सारखी हवी. एक ८० पट वाढवितो आणि दुसरा १५० पट, असे झाले तर लहरीचा एक अर्धा ठेंगणा आणि दुसरा उंच निघतो. सारखी जोडी असली तर रोहित्राच्या गाभ्यात दोघांचे स्थिर प्रवाह उलट दिशांनी वाहून परस्परांस खोडून काढतात, आणि लोखंड मोकळे राहते. दुकानातून दोनऐवजी सहा घ्यावेत आणि मीटरने मोजून त्यांतली जुळती जोडी वेगळी काढावी. उरलेले वाया जात नाहीत.

ताप किती धरावा हेही मुलांनी मोजले. 'ब' वर्गाच्या जोडीतील प्रत्येक ट्रान्झिस्टरवर पूर्ण शक्तीच्या सुमारे एकपंचमांश एवढी उष्णता पडू शकते; अर्ध्या वॅटास एकदशांश वॅट. आणि ती पूर्ण आवाजाच्या वेळी नव्हे, तर पूर्ण शक्तीच्या साधारण चारदशांश आवाज चालू असताना. एका वॅटास ट्रान्झिस्टर २५० अंशांनी तापतो असे समजले, तर एकदशांश वॅटास २५ अंश. पेटीतले ५५ त्यांत मिळविले की ८० अंश होतात. जर्मेनियमला हे म्हणजे कड्याच्या टोकावर उभे राहणे होय. सिलिकॉनला त्याचे काहीच वाटत नाही.

आजच्या प्रवर्धकांत अशी रोहित्रे क्वचितच दिसतात. एच. सी. लिन ह्या अभियंत्याने १९५६ साली दाखविलेल्या रीतीने ट्रान्झिस्टरची जोडी कर्ण्याला रोहित्रावाचून जोडता येते, आणि पुढची सारी वाट त्या दिशेने गेली. परंतु एका ठिकाणी रोहित्र हटलेले नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसारखे मोठे पटांगण डोळ्यांपुढे आणा. प्रवर्धक एका टोकाला आणि कर्णा दोनअडीचशे मीटर दूर. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध ८ ओहम धरा. कर्णाही ८ ओहमचा असेल तर निम्मी शक्ती तारेतच जिरते. म्हणून प्रवर्धकाच्या रोहित्राने दाब १०० व्होल्टपर्यंत चढवितात आणि प्रत्येक कर्ण्याजवळ लहान रोहित्र ठेवून तो उतरवितात. १० वॅटचा कर्णा अशा वेळी १००० ओहमचा भासतो, आणि तारेत शेकडा एक भागही जात नाही. धरणापासून गावापर्यंत वीज आणण्याची जी युक्ती, तीच ही. ह्या तारांस हात लावू नये हे वेगळे सांगावयास नकोच.

दुरुस्त पेटी पुन्हा लावली ती त्याच ओसरीत, दुपारी दोन वाजता, मुद्दाम. पहिल्याने वाचावयास त्या सातवीतील मुलीलाच बोलाविले. ती येईना; मैत्रिणींनी ओढून आणली. मायक्रोफोनपासून हातभर दूर उभी राहून तिने आपल्या नेहमीच्या आवाजात एक पानभर वाचले. शेवटच्या बाकावरच्या मुलांना विचारले, त्यांनी तिचे शेवटचे वाक्य म्हणून दाखविले. पेटी हाताला कोमट लागत होती, ट्रान्झिस्टरवर बोट ठेववत होते.

जळालेला ए. सी. १२८ आणि त्याचा वाचलेला जोडीदार, दोन्ही शास्त्राच्या कपाटात एका काचेच्या बाटलीत ठेवले आहेत. वाचलेल्याची झिरप जानेवारीतल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी मोजून आलेख काढावयाचा आहे. जानेवारीचे मोजमाप नववीच्या मुलांनी घेतले आहे. मे महिन्यासाठी, सुटीत गावीच राहणाऱ्या दोघांची नावे हवी आहेत.